वाडीतली पोरं कुणाच्या हायस्कुलाची?

आदरणीय बाई,
मी रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका गावात राहते. आमच्या जिल्हा परिषद शाळेच्या शाळा व्यवस्थापन समितीची अध्यक्ष आहे. शाळा सातवीपर्यंत, पट ४१. आठवीपासून आमची मुलं शेजारच्या गावच्या हायस्कुलात जातात. ते गाव माझं माहेर. डांबरी रस्त्यानं हायस्कूल साडेपाच किलोमीटर पडतं, पऱ्या (ओढा) ओलांडून पायवाटेनं गेलं तर अडीच. पऱ्यावरचा साकव, म्हणजे लहान पूल, गेल्या पावसात अर्धा वाहून गेला, तो अजून तसाच आहे.

आता आमच्या चुलत दिरांनी आणि मुंबई मंडळानं (मुंबईत राहणाऱ्या गावकऱ्यांच्या मंडळानं) ठरवलंय, की आपल्या गावाचं स्वतःचं हायस्कूल काढायचं. पुढच्या जूनपासून आमच्या शाळेच्या दोन रिकाम्या खोल्यांत आठवी ‘तात्पुरती’ सुरू करायची. त्यासाठी समितीचा ठराव हवा आणि त्यावर माझी सही. शिवाय १५ ऑगस्टच्या ग्रामसभेत असा ठराव येणार आहे, की मधलीवाडी, बौद्धवाडी आणि सड्यावरची (वरच्या कातळी पठारावरची) धनगरवाडी इथली मुलं यापुढे आपल्याच हायस्कुलात घालायची. माहेरच्या हायस्कुलाचा आठवी ते दहावीचा पट ५८ आहे आणि त्यातली २३ मुलं आमच्याकडची. ती गेली तर ते हायस्कूल बंद पडेल म्हणतात. माझा भाऊ त्या संस्थेच्या कार्यकारिणीत आहे. फोन करून रडवेला झाला, “बाबांनी चिरे वाहिलेत त्या इमारतीला” म्हणाला. मिस्टर मुंबईला असतात, ते म्हणतात गप सही कर, घरात वाद नको. माझी मुलगी सातवीत आहे. मी काय करू?
— एक वाचक

प्रिय अध्यक्षबाई,

आधी सहीचं बघू, कारण ते तातडीचं आहे. सही करू नका.

यात सासर-माहेर काही नाही. ज्या खोल्या द्यायला तुम्हाला सांगतायत त्या तुमच्या समितीच्या नाहीतच. इमारत जिल्हा परिषदेची. समिती शाळेचा विकास आराखडा करते, पोषण आहारावर लक्ष ठेवते, शिक्षक वेळेवर येतात का ते बघते. पण वर्गखोल्या दुसऱ्या संस्थेच्या हवाली करणं तिच्या हातात नाही. उद्या चौकशी लागली तर कागदावर नाव तुमचं आणि मुख्याध्यापकांचं असेल. मुंबई मंडळाचं नसेल. तुमच्या भावोजींना हे कळत नाही असं मला वाटत नाही. गावचा माणूस, तालुक्याला चार कामं करून आलेला, त्याला एवढं कळतंच.

दुसरं, ‘तात्पुरती’ हा शब्द. शिक्षण हक्क कायद्याच्या १८व्या कलमाप्रमाणे मान्यतेशिवाय शाळा चालवता येत नाही. चालवली तर १ लाखापर्यंत दंड, आणि नंतरही चालूच ठेवली तर दिवसाला १० हजारांपर्यंत. आठवी या कायद्यात येते. दंड भरायला मंडळ समर्थ असेल कदाचित, पण त्या वर्गातली पोरं तीन वर्षांनी दहावीला बसतील कुठल्या शाळेच्या नावावर? मान्यता नसलेल्या शाळेतून नियमित विद्यार्थी म्हणून बोर्डाचा फॉर्म भरता येत नाही, मग सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून बसवावं लागतं. आपली मुलगी सतरा नंबरवर बसावी असं गावातल्या किती आयांना वाटतं, ते विचारून बघा.

मान्यता रीतसर घेऊन काढायचं म्हटलं तर? काढता येईल. २०१२च्या स्वयंअर्थसहाय्यित शाळांच्या कायद्याखाली संस्था अर्ज करू शकते. पण ‘स्वयंअर्थसहाय्यित’चा अर्थ गावात कुणी नीट सांगितलाय का? सरकार पगाराला एक पैसा देणार नाही, शाळा चालणार ती फीवर आणि वर्गणीवर. पुढेमागे अनुदान येईल अशा आशेवर लोक असतील, तर त्यांना २०२५च्या जुलैमधलं आझाद मैदान आठवून द्या. विनाअनुदानित आणि अंशतः अनुदानित शाळांचे शिक्षक टप्पा अनुदानासाठी, म्हणजे टप्प्याटप्प्यानं वाढणाऱ्या सरकारी अनुदानासाठी, पावसात बसले होते. त्यातले कितीतरी जण तुटपुंज्या पगारावर केस पांढरे होईपर्यंत शिकवत आलेले. आणि ज्यांना अनुदान मिळतं किंवा मिळायची आशा आहे अशा शाळांची ही गत. तुमच्या नव्या हायस्कुलाला तर त्या रांगेत उभं राहायचीही सोय नाही. मंडळ पहिल्या वर्षी उत्साहानं पैसे देईल. दुसऱ्या वर्षीही देईल. पाचव्या वर्षी गणिताच्या शिक्षकाचा पगार कोण देणार, हा प्रश्न ग्रामसभेत तुम्ही विचारा. उत्तर आलं तर मलाही कळवा.

आता त्या ठरावाकडे येते. अमुक वाडीची पोरं अमुक शाळेत. बाई, अशा ठरावाला कागदाच्या पलीकडे किंमत नाही. आपल्याकडे मुलाला कुठल्या शाळेत घालायचं हे आईवडील ठरवतात. वस्त्यांच्या याद्या शाळांना वाटून दिलेल्या असतात त्या सर्वेक्षणासाठी, शाळाबाह्य मुलं शोधण्यासाठी. त्या यादीनं पोराच्या पायात बेडी पडत नाही. मधलीवाडीतल्या एखाद्या बापानं दाखला काढून मुलीला खेडला किंवा चिपळूणला मामाकडे ठेवलं, तर ग्रामसभा काय करणार? कायदा तर आठवीपर्यंत दाखला अडवूच देत नाही. तेव्हा या ठरावाला घाबरू नका. तो पास झाला तरी काही होत नाही. होतं एवढंच, की दोन गावांमध्ये बोलणं बंद होतं, आणि ते कोकणात किती वर्षं बंद राहू शकतं हे तुम्हाला मी सांगायला नको.

मला खरी काळजी वाटते ती आकड्यांची. तुम्ही पत्रात आकडे दिलेत म्हणून बरं झालं, बहुतेक लोक नुसतं “मुलं भरपूर आहेत हो” असं लिहितात.

माहेरच्या हायस्कुलाचे ५८ वजा तुमचे २३ म्हणजे राहिले ३५, तीन वर्गांत. एका वर्गात ११-१२ मुलं. आणि तुमच्या नव्या हायस्कुलात २३, म्हणजे वर्गाला सात-आठ. दोन्हीकडे मिळून मुलं तेवढीच, फक्त शाळा दोन. अनुदानित शाळेत शिक्षक किती मिळणार हे संचमान्यतेत ठरतं आणि संचमान्यता पटावर होते. तोही आधार कार्डाशी जुळलेला पट, हजेरीपटावरची नुसती नावं चालत नाहीत. १५ मार्च २०२४च्या संचमान्यतेच्या निर्णयावर शिक्षक संघटना एवढ्या का उसळल्या? कमी पटाच्या शाळांतली पदंच जातील ही भीती होती म्हणून. पट घसरला की शिक्षक अतिरिक्त ठरतो, त्याचं समायोजन दुसरीकडे होतं, आणि मागे उरलेला भाषेचा शिक्षक विज्ञानाचा तास घ्यायला लागतो. प्रयोगशाळेच्या कपाटाला कुलूप लागतं. मी जिल्हा परिषदेच्या नोकरीत अशी कपाटं पाहिली आहेत. आत लिटमस पेपरच्या पुड्या, वर्षानुवर्षं न उघडलेल्या, आणि वर कोळिष्टकं.

आणि हे आजचे आकडे. उद्याचे काढायचे असतील तर तुमच्या हाताशीच आहेत. ४१ मुलं सात वर्गांत म्हणजे वर्गाला सरासरी सहा. वरच्या वर्गात किती आणि पहिली-दुसरीत किती, ते वेगळं लिहा. मग अंगणवाडीताईंकडे जा, त्यांच्या रजिस्टरात तीन ते सहा वयाची मुलं वाडीवार सापडतील. मग ग्रामपंचायतीत जन्मनोंदी. एका वहीत उभे रकाने वाड्यांचे, आडव्या ओळी वर्षांच्या, एवढंच करायचं. माझा अंदाज आहे की खालच्या ओळींत शून्यं दिसायला लागतील. तुमच्याच गावाला कुणाची नजर लागली असं नाही. २००१च्या जनगणनेत रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या १६ लाख ९७ हजारांच्या घरात होती, २०११ला ती १६ लाख १५ हजारांवर आली. सिंधुदुर्गातही घटली. सगळा महाराष्ट्र वाढत असताना आपण कमी झालो, कारण पोरं मुंबईत जन्मतात आणि विरार, दिवा, नालासोपाऱ्यातल्या शाळांत जातात. (मुंबई मंडळाच्या सभेत गावच्या हायस्कुलासाठी सगळ्यांत जोरात बोलणाऱ्यांची मुलं कुठल्या माध्यमात आहेत, हे विचारायचा मोह तुम्हाला होईल. विचारू नका. खरं असलं तरी त्यानं काही साधत नाही, आणि तुमच्या मिस्टरांना त्याच मंडळींबरोबर डब्यात बसून घरी यायचंय.)

सरकार याच आकड्यांकडे बघून काय करतं तेही लक्षात घ्या. २०१७च्या अखेरीस दहाच्या आतल्या पटाच्या १,३१४ शाळा बंद करायचा निर्णय झाला होता. २०२३मध्ये समूह शाळांची (लहान शाळा एकत्र करून एकच मोठी करायची) टूम निघाली तेव्हा वीसपेक्षा कमी पटाच्या १४,७८३ शाळा मोजल्या गेल्या होत्या. लोकांनी विरोध केला, तो करायलाच हवा होता. लहान मुलांची जवळची शाळा मोडणं मला कधीच पटलेलं नाही. पण जे राज्य चालू शाळा एकत्र करायच्या गोष्टी करतंय, त्याच राज्यात वर्गाला सात मुलांचं नवं हायस्कूल आपण आपल्या हातानं काढायचं, आणि शेजारचं ३५ वर आणून ठेवायचं? दोन गावांनी भांडून दोन्ही हायस्कुलं घालवली, असं व्हायला पाच-सहा वर्षं पुरतील.

एवढं वाचून तुम्हाला वाटेल मी तुमच्या माहेरची बाजू घेतेय. थांबा. भाऊरायांनाही चार शब्द ऐकवायचे आहेत.

तुमच्या पत्रात एक ओळ होती, ती वर छापताना जागेअभावी गाळली. हायस्कूल सुरू झाल्यापासून तुमच्या गावातला एकही माणूस संस्थेच्या कार्यकारिणीत घेतलेला नाही. स्नेहसंमेलनाला व्यासपीठावर खुर्ची नाही. दहावीला पहिला आलेला मुलगा तुमच्या गावचा असला तरी बक्षीस देताना सांगायचं ‘बाहेरगावचा विद्यार्थी’. ४० टक्के मुलं ज्या गावातून येतात, ते बाहेरगाव? शिमग्यात पालखी कुठल्या वाडीत आधी जाणार यावरून डोकी फुटतात, कारण तिथे मान असतो. तुमच्या भावोजींच्या हायस्कुलामागे मला हा साठलेला मान दिसतो. त्यांची मागणी मला चुकीची वाटते, पण त्यांचा राग अजिबात चुकीचा वाटत नाही.

माहेरच्या हायस्कुलामागचं दुःखही खरं आहे. कोकणातली अशी कितीतरी हायस्कुलं गिरणीत राबणाऱ्या माणसांच्या वर्गणीतून उभी राहिली. महिन्याच्या पगारातून ठरावीक रक्कम गावच्या मंडळाच्या खोलीत जमा व्हायची, आणि मे महिन्यात गावी आल्यावर तीच माणसं खाणीतून जांभा चिरा डोक्यावरून आणायची. तुमच्या वडिलांनी चिरे वाहिले हे भाऊ रडत सांगतो, त्यात नाटक नाही. पण बाई, त्याला एकदा विचारा, की त्या उन्हात चिरे वाहताना पऱ्यापलीकडच्या वाड्यांतलं कुणीच नव्हतं का? जुन्या माणसांना विचारून याद्या काढा. मला खात्री आहे तिकडचीही नावं निघतील. निघाली, तर ती इमारतीच्या भिंतीवर का नाहीत?

तेव्हा भावाकडे हे मागा, आणि लेखी मागा. कार्यकारिणीत तुमच्या गावच्या दोन जागा, त्यातली एक बाईची. संस्था नोंदलेली असणार, तेव्हा बदल अर्ज धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात जाईल, त्याची पोच तुम्हाला दाखवायची. नुसतं “घेऊ हो पुढच्या वर्षी” चालायचं नाही. माहेरच्या माणसाशी कडक बोलायला जीभ अडखळते हे मला ठाऊक आहे, म्हणून कागद. दिवाळीपर्यंत हे झालं नाही, तर तुम्ही सासरच्यांच्या बाजूनं उभ्या राहायला मोकळ्या आहात, हेही त्याला आत्ताच सांगून टाका.

आता साकव. मला विचाराल तर या सगळ्या प्रकरणात तोच मधोमध बसलाय आणि त्याच्याबद्दल कुणी बोलत नाही. साकव धड असेल तर हायस्कूल अडीच किलोमीटरवर. मोडका असेल तर साडेपाच. शिक्षण हक्काच्या नियमांत सहावी ते आठवीची शाळा वस्तीपासून तीन किलोमीटरच्या आत असावी असं आहे. म्हणजे तुमच्या गावाला आठवीचा वर्ग मागता येतो की नाही, हे एका वाहून गेलेल्या साकवावर ठरतंय! डोंगराळ भाग, पूर, दरड, रस्ता नसणं अशा ठिकाणी मुलांच्या वाटेतला धोका धरूनच अंतर बघायचं असतं. तेव्हा चार महिने कमरेएवढ्या पाण्याची पायवाट कुणी ‘अडीच किलोमीटर’ म्हणून लिहायला लागलं तर ते खपवून घेऊ नका.

पाऊस चालू आहे तोवर साकवाचे फोटो काढा, तारखेसकट. एका अर्जाला ते जोडा आणि अर्ज दोन ठिकाणी द्या: पंचायत समितीत गटशिक्षणाधिकाऱ्यांना, आणि साकवाच्या कामासाठी जिल्हा परिषदेच्या बांधकाम विभागाला. कोकणात साकवांसाठी जिल्हा नियोजनातून पैसे येतात, पण यादीत नाव लागावं लागतं आणि यादी पावसाळ्यानंतर हलायला लागते. अर्जावर दोन्ही गावच्या सरपंचांच्या सह्या घ्या. दोन्ही सरपंच एका कागदावर सही करतील असं दुसरं कुठलंही काम सध्या तुमच्याकडे नाही, म्हणून सुरुवात याच कामानं करा.

तुम्ही म्हणाल, मग आमच्याच शाळेला आठवीचा वर्ग जोडून घेऊ, जिल्हा परिषदेचाच, फुकटचा. हक्कानं मागता येईल. पण तो मी शेवटचा पत्ता म्हणून ठेवीन. आठवी जोडली तरी नववीला पोरगी पुन्हा त्याच पऱ्यावर उभी. मोफत आणि सक्तीचं शिक्षण वय १४ला, आठवीला संपतं. नववी-दहावी त्या हक्कात नाहीत, आणि आपल्याकडे मुलींची शाळा सुटते ती बहुतेक याच उंबऱ्यावर. एक वर्ष पुढे ढकलून तुम्ही काय मिळवणार? एप्रिलअखेरपर्यंत साकव आणि एसटी दोन्ही झालं नाही, तर मात्र आठवीचा प्रस्ताव द्या, आणि देणार आहोत हे दोन्हीकडे आजच सांगून ठेवा.

एसटीचंही तुम्ही लिहिलंय (तेही वर छापलेलं नाही), की वस्तीची गाडी सकाळी पावणेसातला सुटते आणि संध्याकाळची फेरी चारला. हायस्कूल सुटतं पाचला. म्हणजे गाडी आहे, रस्ता आहे, पास आहे, आणि तरी पोरं साडेपाच किलोमीटर चालत येतात, निव्वळ एका तासासाठी. आगार व्यवस्थापकाला अर्ज गावानं दिला की तो फायलीत जातो. हायस्कुलाच्या मुख्याध्यापकांनी शाळेची वेळ आणि पासधारक विद्यार्थ्यांची यादी जोडून दिला, तर त्याला फेरीचा हिशेब मांडता येतो. हे पत्र भावाच्या संस्थेनं द्यायचं. रडण्यापेक्षा हे त्यानं करावं. मुलींना पाचवी ते बारावी अहिल्याबाई होळकर योजनेतून पास फुकट आहे, मुलांना एक तृतीयांश भाडं. २०२४पासून महामंडळ पास शाळेतच पोचवायला लागलंय, तेव्हा आगारात खेटे घालायचं कारणही उरलेलं नाही. तुमचा तालुका मानव विकास कार्यक्रमातल्या १२५ तालुक्यांत आहे का, तेवढं पंचायत समितीत विचारून घ्या. असेल तर मुलींसाठीच्या निळ्या गाड्या त्यातून मिळतात. सायकलीही मिळतात म्हणा, पण तुमच्या घाटीत सायकल पोरीला नेणार की पोरगी सायकलीला, हा प्रश्नच आहे.

मुंबई मंडळाचे पैसे परत पाठवू नका. माणसं देतायत तर घ्यावेत, पण भिंतींसाठी नाही. हायस्कुलाच्या विज्ञानाच्या खोलीला द्या, पाटी तुमच्या गावच्या मंडळाची लावून. आणि पहिला हिस्सा धनगरवाडीसाठी बाजूला काढा.

धनगरवाडीबद्दल जरा थांबते. ठरावात तीन वाड्यांची नावं आहेत. दोन्ही गावं या वाड्यांतल्या मुलांवर हक्क सांगतायत, कारण पटाला ती हवीत. त्या वाड्यांतल्या एका तरी बाईला कुणी विचारलंय का, बाई, तुझी पोरगी किती वाजता निघते? सड्यावरून खाली यायला पाऊण तास, मग पुढचा रस्ता. पावसात धुकं असं येतं की पुढचा माणूस दिसत नाही. तुमच्या यादीत धनगरवाडीची आठवीत किती आणि दहावीत किती, हे वेगळं मोजा. माझी अटकळ आहे की दहावीच्या रकान्यात मुलीचं नाव शोधावं लागेल. बौद्धवाडीतले लोक तर तुम्हाला स्पष्टच सांगतील, की हायस्कूल कुठल्या गावात यापेक्षा तिथे आपल्या मुलाला कसं वागवतात हे ते आधी बघतात. त्यांचं ऐकून घ्या, मध्ये बोलू नका. विहित अंतरात शाळा नसलेल्या वस्तीतल्या मुलांना समग्र शिक्षा या सरकारी योजनेमधून वाहतूक भत्ता मिळतो, त्याची यादी केंद्रप्रमुखांमार्फत जाते. धनगरवाडीची नावं त्यात आहेत का ते बघा. नसतील, तर समितीच्या येत्या बैठकीत पहिला ठराव तो घ्या. त्या ठरावावर बिनधास्त सही करा, तो तुमच्या अधिकारातला आहे.

ग्रामसभेत काय बोलायचं? ग्रामसभेच्या आधी महिलांची सभा घ्यावी लागते, कायद्यानंच. बहुतेक गावांत ती रजिस्टरातच होते. या वेळी खरी घ्यायला लावा, आणि तुमची वही तिथे उघडा. वाडीवार आकडे बायकांसमोर वाचा. ज्यांच्या पोरी चालत येतात त्याच तिथे बसलेल्या असतील, त्यांना व्याख्यान लागणार नाही. मग ग्रामसभेत उभं राहून पहिलं वाक्य हे म्हणा: “हायस्कूल माझ्या माहेरचं आहे, माझा भाऊ त्या संस्थेत आहे, हे सगळ्यांना माहीत आहे, तरी मी आधी सांगते.” कुणीतरी ते टोमणा म्हणून काढणारच होतं, तुम्हीच म्हणालात की त्याचा टोमणा संपला. त्यानंतर आकडे वाचा आणि खाली बसा. भावोजींशी भर सभेत वाद घालू नका. ते मोठे आहेत, त्यांना मागे यायला वाट ठेवा. ‘हायस्कूल काढू नये’ असा ठराव मांडण्याऐवजी ‘साकव, एसटी आणि संस्थेत प्रतिनिधित्व यासाठी पाच जणांची समिती’ असा ठराव मांडा, आणि समितीचं पहिलं नाव त्यांचं सुचवा. नव्या हायस्कुलाचा निर्णय त्या समितीच्या अहवालानंतर, म्हणजे मे महिन्यात, चाकरमानी गावात असताना. मत मात्र गावच्या मतदार यादीत नाव असलेल्यांचंच, हे सभेत आठवून द्यायला हरकत नाही.

मिस्टरांना आज रात्री फोन करून एवढंच सांगा, की सही केली तर दंडाच्या आणि चौकशीच्या कागदावर त्यांच्या बायकोचं नाव येईल. घरात वाद नको म्हणणाऱ्या नवऱ्याला हे लवकर समजतं. तरीही पुढे कुणी ठरावाची कोरी प्रत घेऊन दारात आलं, तर ‘बैठकीच्या अजेंड्यावर विषय घ्या, सगळ्या पालकांसमोर करू’ म्हणा. समितीत किमान तीन चतुर्थांश पालक असतात आणि निम्म्या बायका. घराच्या ओट्यावर घेतलेली सही म्हणजे समितीचा ठराव नव्हे.

मुलीचं तुम्ही शेवटच्या ओळीत लिहिलंत आणि काहीच विचारलं नाहीत. पुढच्या जूनला ती आठवीत जाईल. माझ्या मते तिला माहेरच्या हायस्कुलात घाला, आणि आजोळी ठेवू नका. आजोळी राहिली तर उद्या लोक म्हणतील, हिची पोरगी सुखात आणि आमच्या पोरी पाण्यात. वाडीतल्या बाकीच्या मुलींबरोबर तिलाही जाऊ-येऊ दे. मग एसटीची वेळ बदलली की नाही हे तुम्हाला कुणाला विचारावं लागणार नाही.

आणि ग्रामसभा झाली की आठवड्याच्या आत ठरावाची नक्कल ग्रामसेवकांकडून (आता ग्रामपंचायत अधिकारी म्हणायचं) लेखी अर्ज देऊन मागून घ्या. सभेत झालेलं आणि रजिस्टरात लिहिलेलं यात फरक पडला असेल, तर तो तेव्हाच कळेल. काय लिहून आलंय ते मला पाठवा, पुढचं तेव्हा बघू.

तुमची,
बाई